शेवगा, कढीपत्ता, लाल माठ, टाकळा, घोळ: पाल्यातले अँटिऑक्सिडंट आणि तेलकट-गोड जेवणाचा ऑक्सिडेटिव्ह ताण

रानहळद (धागाकर्ती)

शीर्षकातल्या पाच पानांवर एमएस्सी फूड सायन्सचा प्रकल्प आखतेय. विषय असा: तळलेलं, गोड, मैद्याचं खाणं वाढलं की शरीरात जो ऑक्सिडेटिव्ह ताण येतो (मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, वाढतात), तो रोजच्या पालेभाजीने खरंच कमी होतो का, आणि होत असेल तर किती पाल्याने?

वाचन करताना तीन ठिकाणी अडलेय. एक, प्रत्येक शोधनिबंधात डीपीपीएच चाचणी (जांभळ्या द्रावणाचा रंग अर्काने किती उडतो ते मोजणारी) आहे आणि प्रत्येकात पान "उत्तम अँटिऑक्सिडंट" ठरतं. त्यातला कुठला आकडा खरा मानायचा? दोन, रॅटना किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला, यकृतातलं एमडीए (मेदाचं ऑक्सिडेशन झाल्याची खूण) उतरलं, असं लिहिलेलं असतं. माणसाच्या ताटात ते किती भाजी होतं? तीन, हे सगळं कच्च्या किंवा वाळवलेल्या पानावर केलेलं असतं. आपण तर भाजी शिजवून खातो.

शिवाय ओळखीचा एक बचत गट शेवग्याच्या पाल्याची पूड विकतो. पाकिटावर "८५% अँटिऑक्सिडंट" असं छापायचं त्यांच्या मनात आहे. ते योग्य आहे का?

---

पिपेट

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. "८५%" हा आकडा जवळपास नक्की डीपीपीएचचा आहे, आणि कुठल्या तीव्रतेला तो मिळाला हे सोबत नसेल तर त्याला काही अर्थ नाही. पुरेसा दाट अर्क घातला की कुठलंही हिरवं पान ८५ ते ९० टक्क्यांवर जाऊन थांबतं. तुलना करायची ती आयसी-५० ची, म्हणजे निम्मा रंग उडवायला किती मायक्रोग्रॅम अर्क लागला त्याची. हा आकडा जितका लहान तितकं पान जोरकस. सोबत तुलनेचा प्रमाण पदार्थ म्हणून व्हिटॅमिन सी किंवा ट्रोलॉक्स त्याच दिवशी, त्याच द्रावणावर चालवा. प्रमाण पदार्थाशिवायचा आयसी-५० दुसऱ्या प्रयोगशाळेशी ताडून पाहता येत नाही.

करायची रीत: ३.९४ मिलिग्रॅम डीपीपीएच १०० मिलिलीटर मिथेनॉलमध्ये, म्हणजे ०.१ मिलिमोलर. द्रावण त्याच दिवशी करायचं आणि बाटलीला फॉइल गुंडाळायचं. २.९ मिलिलीटर द्रावणात ०.१ मिलिलीटर अर्क, ३० मिनिटं अंधारात, वाचन ५१७ नॅनोमीटरला. किमान पाच तीव्रता घ्या, आणि त्यातल्या दोन-तीन तरी २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये पडल्या पाहिजेत.

आता चुका कुठे होतात ते. पालेभाजीच्या अर्काला स्वतःचा रंग असतो. तोच अर्क नुसत्या मिथेनॉलमध्ये घालून वेगळा कोरा नमुना वाचला नाही, तर पानाचा रंग डीपीपीएचच्या रंगात मिसळतो आणि पान आहे त्याहून कमकुवत दिसतं. लाल माठात ही अडचण सगळ्यात मोठी. त्याचा लाल रंग बीटासायनिनचा, आणि तो ५३५ च्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतो. म्हणजे डीपीपीएचचं ५१७ आणि एमडीए मोजायच्या टीबीए चाचणीचं ५३२, दोन्ही त्याच्या कचाट्यात. तेलात किंवा खिम्यात लाल माठाचा अर्क घालून टीबीए केली, तर "माठाने ऑक्सिडेशन वाढवलं" असा उलटा निष्कर्षही निघू शकतो. टीबीए न घातलेला कोरा नमुना हवाच, आणि शक्य असेल तर एमडीए एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा.

एकूण फिनॉल मोजायला फोलिन अभिकर्मक वापराल, वाचन ७६५ ला, उत्तर गॅलिक आम्लाच्या तुलनेत. ताज्या शेवग्यात व्हिटॅमिन सी भरपूर आणि तेही फोलिनला निळं करतं. ते वेगळं मोजून वजा केलं नाही तर फिनॉलचा आकडा फुगतो.

---

ताम्हण

पिपेट यांनी चाचणी नीट करायला सांगितली. मला त्याच्या अलीकडचं म्हणायचं आहे: चाचणी अगदी नीट केली तरी ती शरीराबद्दल फारसं बोलत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांचा (परीक्षानळीत मोजलेली अँटिऑक्सिडंट क्षमता) तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढला तो याचसाठी. परीक्षानळीतल्या आकड्यावरून शरीरातला परिणाम ठरत नाही, आणि ते आकडे विक्रीसाठी भलतेच वापरले जात होते.

कारण साधं आहे. भाजी खाल्ल्यावर क्वेर्सेटिनसारखे फ्लॅव्होनॉइड (पानातल्या फिनॉलचाच एक प्रकार) रक्तात पोचतात ते जास्तीत जास्त काही मायक्रोमोलर, बहुतेकदा त्याहूनही कमी. तेही आतडं आणि यकृत यांनी ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडून बदललेले. त्याच रक्तात युरिक आम्ल ३०० मायक्रोमोलरच्या आसपास आणि व्हिटॅमिन सी साधारण ५० मायक्रोमोलर आधीच असतं. त्यांच्यापुढे पानातले फ्लॅव्होनॉइड रक्तात थेट मुक्त मूलकं टिपतात, असं म्हणायला जागा उरत नाही.

मग पाला उपयोगी पडतो तो कुठे? दोन ठिकाणी.

पहिलं, जठर आणि आतड्याची पोकळी. तळलेलं खाल्लं की तेलातले पेरॉक्साइड, जेवणातलं लोह (विशेषतः मांसातलं हीम) आणि जठरातलं आम्ल एकत्र येतात, आणि मेदाचं ऑक्सिडेशन तिथेच पुढे सरकतं. तयार झालेलं एमडीए शोषलं जातं आणि रक्तात सापडतं. या जागी पाल्यातले फिनॉल रक्तातल्यापेक्षा शेकडो पटींनी दाट असतात. ते लोहाला धरून ठेवतात आणि साखळी तोडतात. म्हणून पाला त्याच जेवणात हवा. दुपारी वडे आणि रात्री शेवग्याचं सूप, यात हा फायदा मिळत नाही.

दुसरं, पेशीचं स्वतःचं संरक्षण. केप-१ नावाचं प्रथिन एनआरएफ-२ ला बांधून ठेवतं. शेवगा, मोहरी, मुळा यांच्या पाल्यातली आयसोथायोसायनेट (गंधक असलेली तिखट द्रव्यं) ही गाठ सोडवतात, मग एनआरएफ-२ केंद्रकात जाऊन ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) बनवणारी आणि इतर बचावाची एन्झाइम वाढवतं. इथे पानातलं द्रव्य मूलकाशी स्वतः लढत नाही, यंत्रणा जागी करतं. त्यामुळे थोडं द्रव्य पुरतं, पण नियमित लागतं.

प्रकल्पाला म्हणून सुचवतो: डीपीपीएच ठेवा, पण मुख्य प्रयोग कृत्रिम पचनाचा करा. इन्फोजेस्ट पद्धत उपलब्ध आहे, २०१४ ची, २०१९ मध्ये सुधारलेली. तोंडाचा टप्पा २ मिनिटं, जठर पीएच ३ ला २ तास, आतडं पीएच ७ ला २ तास, सगळं ३७ अंशांना. एका नळीत वापरलेलं तळणीचं तेल आणि थोडं लोह, दुसऱ्यात तेच अधिक शिजवलेली भाजी. दोन्हीत एमडीए मोजा. तुमच्या मूळ प्रश्नाला याहून जवळचा प्रयोग प्राण्यांशिवाय करता येणार नाही.

---

रानहळद

ताम्हण, हे फार उपयोगी आहे, पचनाचा प्रयोग नक्की घेते. रॅटच्या मात्रेचं गणित कोणी मांडून दाखवेल का?

---

शतपावली

दाखवते. मिलिग्रॅम प्रति किलो हा आकडा रॅटवरून माणसावर जसाच्या तसा नेता येत नाही, शरीराच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलावा लागतो. रॅटसाठी गुणक ६, माणसासाठी ३७.

२०० × ६ ÷ ३७ = सुमारे ३२ मिलिग्रॅम प्रति किलो. ६० किलोच्या माणसाला १.९५ ग्रॅम अर्क.

अर्काचा उतारा (वाळलेल्या पाल्यातून जेवढा अर्क निघतो तो) १५ टक्के धरला तर त्याला १३ ग्रॅम वाळलेला पाला लागतो. ताज्या शेवग्याच्या पानात पाऊणहून थोडं जास्त पाणी असतं, म्हणजे निवडलेला ताजा पाला साधारण ५५ ग्रॅम. उतारा १० टक्केच आला तर ८५ ग्रॅम. ४०० मिलिग्रॅमची मात्रा असेल तर हे दुप्पट करा. प्रयोग माइसवर असेल तर गुणक ३, म्हणजे सगळं निम्मं. निबंधात प्राणी कुठला ते आधी बघा.

थोडक्यात, मोठी वाटीभर भाजी. आवाक्यातली गोष्ट आहे, म्हणून मला हे अभ्यास अगदीच टाकाऊ वाटत नाहीत. पण दोन फरक विसरू नका. अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो आणि नळीने थेट पोटात दिलेला असतो. आणि प्राण्याला आठ-दहा आठवडे ६० टक्के ऊर्जा मेदातून किंवा पाण्यात १० टक्के फ्रुक्टोज देऊन मुद्दाम इतकं बिघडवलेलं असतं की सुधारणा मोठी दिसते.

माणसांवरचा वाचण्यासारखा भारतीय अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. रजोनिवृत्ती झालेल्या ४५ ते ६० वर्षांच्या ९० स्त्रिया, तीन गट. एका गटाला रोज ७ ग्रॅम शेवग्याच्या पानांची पूड, दुसऱ्याला ९ ग्रॅम माठाची, तीन महिने. रक्तातलं एमडीए शेवग्याने १६.३ टक्के आणि माठाने ९.६ टक्के उतरलं, एसओडी आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ ही बचावाची एन्झाइम वाढली. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नव्हतं, दिसायला सारखी पण बिनकामाची पूडही नाही, हा त्यातला कच्चा दुवा. तरी ७ ग्रॅम पूड म्हणजे ताजा पाला जेमतेम ३० ग्रॅम, एवढं लक्षात घेतलं तर हा परिणाम दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

याच्या उलट गोळ्यांचं. फिनलंडच्या एटीबीसी चाचणीत (१९९४) धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं, फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. १९९६ मध्ये अमेरिकेतली केरेट चाचणी त्याच कारणाने मुदतीआधी थांबवली. "पाल्यात बीटा-कॅरोटीन आहे, मग गोळीच घेऊ" असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

---

आंबोळी

शिजवण्याबद्दल. पाचही पानांना एकच नियम लावू नका, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

शेवग्याचा पाला चिरत नाहीत, डहाळीवरून ओरबाडून घेतात. त्यामुळे व्हिटॅमिन सी बरंच वाचतं. चिरलं की पानातलंच एन्झाइम ते खायला लागतं. चार माणसांना २०० ग्रॅम निवडलेला पाला, दोन मोठे चमचे तेल, ८-१० लसूण पाकळ्या ठेचून, एक कांदा, पाव वाटी भिजवलेली मूगडाळ. डाळ फोडणीत आधी शिजवून घ्यायची, पाला शेवटी, मग मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं. पाणी घालायचं नाही, पाल्याला धुतल्याचं पाणी पुरतं. वरून ओलं खोबरं. मीठ पाला बसल्यावरच, आधी अंदाजाने घातलं की हमखास खारट होतं. कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळ्यांसोबत हीच भाजी असते, आणि खोबऱ्या-तेलाची ती जोड शास्त्राला धरून आहे. कॅरोटीन शोषायला जेवणात चार-पाच ग्रॅम तरी मेद लागतो.

टाकळा कोवळा हवा, ज्येष्ठ-आषाढातला, फुलं यायच्या आधीचा. जून झाला की कडू आणि पोट ढिलं करणारा. मग उकळून, पिळून घ्यावा लागतो आणि पाण्यात विरघळणारं सगळं त्या पाण्याबरोबर जातं. त्यापेक्षा जून टाकळा घेऊच नये.

कढीपत्त्याची अडचण वेगळी: तो ताटाच्या कडेला जातो. त्यातले कार्बाझोल अल्कलॉइड तेलात विरघळतात, त्यामुळे फोडणीत थोडे उतरतात, पण फोडणीतली आठ-दहा पानं म्हणजे एखादा ग्रॅमच. प्रमाणात पोटात जायला हवा असेल तर चटणी करा. ५० ग्रॅम पानं पुसून कोरडी, एक चमचा तेलावर मंद आचेवर चुरचुरीत, मग तीळ-सुकं खोबरं-लसूण घालून कुटायचं. पानं काळपट झाली की आच जास्त झाली.

सोडा घालून रंग हिरवा ठेवू नका, व्हिटॅमिन सी जातं. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यातही तेच, तांबं ते झपाट्याने संपवतं. चिंच-कोकम घातल्यावर भाजी शेवाळी-तपकिरी होते ती मात्र खराब झालेली नसते. आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघतं, एवढंच.

---

ताम्हण

आंबोळी, एका ठिकाणी वेगळं मत. मुळा-मोहरीचा पाला चिरून लगेच कढईत टाकू नये, दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. ग्लुकोसिनोलेटपासून आयसोथायोसायनेट बनवणारं मायरोसिनेज पान फाटल्यावर कामाला लागतं आणि उष्णतेने मरतं. चिरून लगेच शिजवला तर द्रव्य बनतच नाही.

---

आंबोळी

मान्य, पण त्या दहा मिनिटांत व्हिटॅमिन सी घटतं हेही धरा. मुळ्याच्या पाल्याला थांबावं, शेवटी लिंबू पिळून सी भरून काढावं. माठ, घोळ, टाकळा यांत ग्लुकोसिनोलेट नसतं, तिथे थांबण्यात नुसताच तोटा. ती पानं आधी धुवून मग चिरावी आणि लगेच कढईत.

---

तायकिळो

गोव्यात टाकळ्याला तायकिळो म्हणतात, ओलं खोबरं आणि फणसाच्या आठळ्या घालून करतात. रानहळद, नमुना गोळा करताना कोवळे शेंडे आणि खालची पानं वेगळी ठेवा, तारीख आणि जागा लिहा. एकाच झाडाच्या वरच्या-खालच्या पानांत फिनॉलचा फरक दोन जातींमधल्या फरकाएवढा येऊ शकतो. जुन्या भारतीय तक्त्यात शेवग्याच्या पानांत १०० ग्रॅममागे २२० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन्ही आपापल्या नमुन्यासाठी खरे.

रस्त्याकडेचा टाकळा आणि घोळ घेऊ नका. शिसं आणि फवारणी दोन्हींचा धोका, आणि शिसं स्वतःच ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतं.

---

शतपावली

कोणी सांभाळून खावं तेही इथेच लिहून ठेवते.

रक्त गोठू न देणारी वॉरफरिन किंवा असिनोकुमारॉल ही औषधं घेणाऱ्यांनी पालेभाजी बंद करायची नसते, रोज सारखी ठेवायची असते. महिनाभर काही नाही आणि मग एकदम रोज वाटीभर शेवगा, असं केलं की व्हिटॅमिन केमुळे आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) घसरतो. मधुमेहाच्या गोळ्यांवर असलेल्यांनी पूड सुरू करताना साखर तपासत राहावं. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियमसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रमाण वाढवू नये.

ऑक्झॅलेटचे मुतखडे होत असतील तर माठ, घोळ, पालक यांबाबत जपावं. उकळून पाणी टाकलं की विरघळणारं ऑक्झॅलेट बरंच जातं, सोबत सीही जातं. घोळीची ताकातली भाजी हा चांगला मार्ग आहे, ताकातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधतं.

आणि तेलाचं बोला. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवून वर पाला खाणं म्हणजे गळक्या छपराखाली पुसत बसणं. एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. घरी मोजायचं साधन नसतं, पण तेल दाटलं, लवकर धुरायला लागलं, फेस बसेना की ते टाकायचं. पाल्याने ते सुधारत नाही.

---

रानहळद

म्हणजे बचत गटाला पाकिटावर काय लिहायला सांगू? आणि पूड करण्यात काय चुकतं तेही सांगा, त्यांची पूड दोन महिन्यांत खाकी पडते.

---

पिपेट

"८५% अँटिऑक्सिडंट" नको. २०१८ च्या दावे आणि जाहिरात नियमांप्रमाणे रोग बरा करतो किंवा टाळतो असं लिहिता येत नाही, आणि इतर दाव्यांनाही आधार द्यावा लागतो. "संत्र्याच्या सातपट व्हिटॅमिन सी" असं छापलेलं असेल तर तेही काढायला सांगा. ती तुलना ताज्या पानाची आहे. वाळवलेल्या पुडीत सीचा थोडाच अंश उरतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून प्रथिनं, कॅल्शियम, लोह, कॅरोटीन मोजून घ्या आणि तेच आकडे छापा. पूड त्यांवर पुरेशी चांगली ठरते.

खाकी पडण्याची कारणं तीन: ऊन, जिवंत राहिलेलं एन्झाइम आणि ओल. त्यांना असं करायला सांगा.

पाला तोडल्या दिवशीच, तीन पाण्यांतून धुवून, निथळून. मग वाफेवर दोन मिनिटं, पाण्यात बुडवून नाही. एन्झाइम मेलं का ते पाहायला चिमूटभर पान कुस्करून त्यावर ग्वायाकॉल आणि सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाका. तांबूस तपकिरी रंग आला तर पेरॉक्सिडेझ जिवंत आहे, वाफ अर्धा मिनिट वाढवा. ही परीक्षा तुमच्या प्रयोगशाळेत करून त्यांना एकदा वेळ ठरवून द्या, रोज लागत नाही. परीक्षेचा नमुना खायच्या मालात परत मिसळू नका.

वाळवण सावलीत, जाळीवर एकाच थरात, वारा खेळता. पावसाळ्यात हे जमत नाही, बुरशी धरते. तेव्हा ४५ ते ५० अंशांचा ड्रायर. देठ वाकला की ओल आहे, कटकन मोडला की झालं. फक्त पानं धरली तर किलोला साधारण पाव किलो उतरतं. त्याहून बरंच जास्त उतरलं तर आत ओल राहिलीय.

---

रानहळद

वाफ देत नाहीत ते, आणि पारदर्शक पाकिटात भरतात.

---

पिपेट

मग दोन्ही बदला. ॲल्युमिनियमच्या थराचं, उजेड न जाणारं पाकीट, आणि दळल्यावर पूड पूर्ण थंड झाल्यावरच भरायची. गरम भरली की आत दव धरतं. ओल ७ टक्क्यांच्या खाली असू द्या. तुमच्या प्रकल्पात वाफ दिलेली आणि न दिलेली, अशा दोन पुड्या दोन्ही प्रकारच्या पाकिटांत शून्य, ३०, ६० आणि ९० दिवसांना तपासा. कॅरोटीन, रंग आणि ताम्हण यांनी सांगितलेली पचनाची चाचणी. पानं मात्र एकाच दिवशी, एकाच झाडाची घ्या.